बारक्याची वाक्यं

संध्याकाळी मास्तर शिलाईचं मशीन झाकून ठेवायचे, चहाचं आधण चढवायचे, आणि त्याच सुमाराला बारक्या भिंगांच्या कारखान्यातून यायचा. बूट काढायचा, हात धुवायचा, टेबलाशी आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसायचा आणि दिवसभराची वाक्यं बाहेर काढायचा. लोकांची मुलं कामावरून येताना भाजी आणतात, नाहीतर डोकेदुखी आणतात. मास्तरांचा मुलगा वाक्यं आणायचा.

"पॉलिशवाली म्हणाली, 'आज अगदी वेळेवर आलास.' मी रोजच वेळेवर येतो. म्हणजे काय?"

"ती बसली होती की उभी?" मास्तर विचारायचे.

"उभी. पिशवी खांद्यावर होती. धापा टाकत होती."

"मग तिलाच उशीर झाला असणार. तुझ्या आडून तिनं स्वतःची थट्टा केली. तू नुसतं हसायचं."

"मी 'हो' म्हणालो."

"तेही चालतं."

बारक्या मान हलवायचा, ते वाक्य मिटायचं आणि पुढचं निघायचं. चहा निवेपर्यंत हा कार्यक्रम चाले.

नाव बारक्या असलं तरी दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून त्याच्या आत्यानं हे नाव पाडलं. पुढं पोरगा वाढत गेला, वाढतच गेला, आणि तिशीला टेकला तरी नाव काही वाढलं नाही. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, कुणाचं पोट सुटलं की कंबर सोडणं, असली कामं. बायको जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मागच्या खोलीत त्यांची मोठी बहीण राहायची. तिला मास्तर अक्का म्हणायचे, बारक्या आत्या म्हणायचा, आणि गल्ली तिला वचकून असायची.

अशा मुलांना वाक्प्रचार कळत नाहीत, असं लोक सांगत असतात. साफ खोटं. हातावर तुरी देण्यापासून पाणी पाजण्यापर्यंत सगळे वाक्प्रचार बारक्याला शाळेतच पाठ झाले होते. पुस्तकात त्यांचे अर्थ छापलेले असत ना! त्याला नडायची ती साधी वाक्यं. 'या कधीतरी घरी.' 'बघू.' 'तसं काही नाही.' 'तुला काय वाटतं?' यांचे अर्थ कुठल्याच पुस्तकात नव्हते, आणि बाकीचे लोक तर ते आईच्या पोटातूनच शिकून आल्यासारखे वागत.

शाळेत असतानाच एका डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं होतं. "अ‍ॅस्परगर सिंड्रोम," त्या म्हणाल्या. "हल्ली याला ऑटिझमच म्हणतात. नाव कुठलंही घ्या, मुलगा तोच राहणार आहे. बुद्धीला काही झालेलं नाही. माणसं तोंडानं न बोलता जे बोलतात ते त्याला ऐकू येत नाही. आणि आपल्याला जे जाणवतच नाही, म्हणजे ट्यूबलाइटची गुणगुण, मानेमागचं लेबल, ते त्याला सहन होत नाही."

"बरा कधी होईल?" मास्तरांनी विचारलं.

"आजार असता तर सांगितलं असतं," बाई म्हणाल्या.

मास्तर घरी परत येईपर्यंत विचार करत होते. शेवटी त्यांनी शिंप्याच्या अकलेनं ते समजून घेतलं: माणसांच्या बोलण्याला आतून अस्तर असतं, बारक्याला वरचं कापड तेवढं दिसतं, आणि त्याच्या स्वतःच्या बोलण्याला अस्तरच नाही. त्या दिवशी त्यांनी त्याच्या सगळ्या शर्टांची लेबलं उसवून टाकली आणि आतल्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या. शिंप्याच्या हातात होतं ते एवढंच.

आणखी एक गोष्ट त्यांनी मनाशी ठरवली. बारक्याशी बोलताना अस्तर लावायचं नाही. येतो म्हटलं की यायचं. दहा मिनिटं लागणार असतील तर 'आलोच' म्हणायचं नाही. आवडलं नाही तर आवडलं म्हणायचं नाही. वाचायला सोपं वाटतं. एक दिवस करून बघा म्हणजे कळेल. संसार सोडून जाणं त्यापेक्षा सोपं. पण मास्तरांनी ते निभावलं, आणि त्यामुळं त्या मुलाला जगात एक माणूस असा मिळाला, की ज्याच्या बोलण्याचा अर्थ दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती. टेबलावर सगळ्या गावाची वाक्यं यायची. मास्तरांचं एकही कधी आलं नाही.

अक्काला हे थेर पटायचे नाहीत. "आमच्या वेळी अशांना तिरसट म्हणायचे आणि पुढं चालायचे," ती म्हणायची. तरी बारक्याच्या ताटात बटाटे एका कडेला आणि अंडं दुसऱ्या कडेला, मध्ये मोकळी जागा, हे तीच बघायची. एकाला दुसरं लागलं की पोरगा उपाशी उठतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खरी पंचाईत होती नोकरीची. पहिल्या नोकरीत मास्तरांनीच साहेबाच्या कानावर सगळं घातलं होतं, पोराला समजून घेतील म्हणून. झालं उलटंच. लोक बारक्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागले. त्याचं काम काढून घेऊन त्याला खोकी घडी करायला बसवलं. एकदा तर त्यानं डबा संपवला तेव्हा टाळ्या वाजवल्या.

"मी डबा खाल्ला," तो घरी येऊन म्हणाला होता. "टाळ्या का?"

मास्तरांनी त्याला खरा अर्थ सांगितला.

मग पुढच्या नोकऱ्यांत कुणाला काही सांगितलं नाही, आणि त्या एकामागून एक गेल्या. एक फोन घ्यायला जमेना म्हणून, एक वरिष्ठांच्या डोळ्यांत बघत नाही म्हणून. शेवटची गेली तेव्हा बारक्या भिंतीकडं तोंड करून झोपला तो कित्येक महिने. मास्तर ताट आत ठेवायचे, तसंच बाहेर आणायचे. तो माणसांत जात नव्हता, त्यामुळं वाक्यंही येत नव्हती.

आणि मग ही भिंगांच्या कारखान्यातली नोकरी लागली. चष्म्याची भिंगं घासून, पॉलिश होऊन येत. बारक्यानं एकेक भिंग यंत्राखाली धरून त्याचा नंबर बरोबर आहे का ते तपासायचं. यंत्रात बघायला अंधार लागतो, म्हणून त्याला काळे पडदे लावलेली एक छोटी खोली दिली होती. आत हिरव्या रेघा दिसत. चाक फिरवत राहायचं, रेघा जुळल्या की जुळल्या.

"भिंग 'बघू' म्हणत नाही," तो एकदा म्हणाला. मास्तर खो खो हसले. का हसलात, असं त्यानं विचारलं, आणि मास्तरांनी तेही सांगितलं.

नोकरीवर जाण्याच्या आदल्या दिवशी तो मशीनपाशी येऊन उभा राहिला होता. "बाबा, तिथं माझं नाव सांगू नका. ते डॉक्टरांचं नाव."

"नाही सांगणार."

"कधीच?"

"कधीच नाही. माझा शब्द."

बारक्यानं मान हलवली आणि तो झोपायला गेला. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं.

तिथं त्याचं बरं चाललं होतं. पॉलिशवाली, ती एक फटकळ बाई होती, त्याला 'ए लंबू, दिवा अडवू नकोस' म्हणून ओरडायची. बारक्याला ते आवडायचं. त्याला दिसत होतं की ती सगळ्यांवरच ओरडते. मास्तरांना वाटलं, लागला एकदाचा गाडा रुळाला. सहा महिन्यांची मुदत संपली की नोकरी पक्की होणार होती.

तेवढ्यात सुपरवायझर बदलला. नवा साहेब तरुण, हौशी. त्यानं रोज सकाळी सगळ्यांना गोल करून उभं करायची पद्धत सुरू केली. एका सकाळी कारखान्याचे मालक आले होते, आणि त्यांच्यासमोर साहेब छाती काढून म्हणाला, "मी काही देव नाही. माझं काय चुकतं ते मोकळेपणानं सांगा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. अशा वेळी काय करायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. बारक्यानं मोकळेपणानं सांगितलं. साहेबांच्या अत्तरानं डोकं दुखतं. साहेब एकच विनोद पुन्हा पुन्हा सांगतात. भिंगांवर चरे पडतात म्हणून पॉलिशवालीला बोलणी बसतात, पण ट्रे एकावर एक रचायला साहेबांनीच सांगितलंय आणि चरे त्यानं पडतात.

"मग सगळे गप्प बसले," बारक्या संध्याकाळी टेबलाशी बसून म्हणाला. "मालक हसले. साहेब लाल झाले. त्यांनीच विचारलं होतं. म्हणजे काय?"

मास्तरांनी कपबशी खाली ठेवली. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं, की साहेबाला उत्तर नको होतं, आपण किती मोठ्या मनाचे आहोत ते मालकांना दाखवायचं होतं.

"मग तसं दाखवायचं. विचारायचं कशाला?" बारक्या म्हणाला. मास्तरांनी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

दुसऱ्याच दिवशी साहेबानं त्याची काळ्या पडद्यांची खोली बंद केली. "सगळ्यांत मिसळायला शीक," म्हणून त्याला मोठ्या हॉलमध्ये बसवलं. तिथं घासायच्या यंत्रांची घरघर, वर रेडिओ, डोक्यावर लुकलुकणारी ट्यूब. बारक्या तक्रार करायचा नाही. घरी येऊन मास्तरांच्या कापायच्या टेबलाखाली, कापडांच्या गठ्ठ्यांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. एवढा उंच माणूस तिथं मावायचा कसा कोण जाणे. मास्तर वरून कात्री चालवायचे नाहीत. गिऱ्हाइकाला उद्या या म्हणायचे. हॉलमध्ये त्याच्या हातून चुका व्हायला लागल्या. आणि एका शुक्रवारी तो टेबलाखालूनच म्हणाला,

"साहेब म्हणाले, 'सोमवारी बघू तुझं काय करायचं ते.' म्हणजे काय?"

मास्तरांना अर्थ तात्काळ कळला. कुणालाही कळला असता. सोमवारी नोकरी जाणार, आणि मंगळवारपासून पोरगा पुन्हा भिंतीकडं तोंड करणार. त्यांनी तोंड उघडलं, आणि इतकी वर्षं जे केलं नव्हतं ते केलं.

"म्हणजे सोमवारी बोलतील तुझ्याशी," ते म्हणाले.

"बरं," बारक्या म्हणाला. त्यानं ते वाक्य मिटून टाकलं आणि त्या रात्री तो शांत झोपला.

अक्कानं मागच्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. शनिवारची सुट्टी होती. सकाळी बारक्या वाचनालयात गेल्यावर ती मास्तरांसमोर येऊन बसली. "जा आणि सांग त्या साहेबाला."

"शब्द दिलाय मी, अक्का."

"शब्द काय वाटीत घालून खायला देणार आहेस त्याला? मागच्या वेळी पडून राहिला तेव्हा त्याची आई गेल्याचं तरी निमित्त सांगता येत होतं लोकांना. आता काय सांगशील? बाप मूग गिळून बसला होता म्हणून?"

मास्तर बराच वेळ बॉबीनवर दोरा गुंडाळत राहिले. ती केव्हाच भरली होती. मग ते उठले. बारक्या वाचनालयातून लवकर परत आला तर, म्हणून त्यांनी अक्काला सांगून ठेवलं, की मी गिऱ्हाइकाकडं माप घ्यायला गेलोय असं सांग. खोट्याला पुरावा असावा म्हणून की काय, मोजपट्टीही गळ्यात अडकवली.

मास्तर साहेबाच्या घरी गेले. साहेब वाईट माणूस नव्हता. तीच तर अडचण होती. वाईट असता तर भांडून तरी येता आलं असतं. मास्तरांनी ते डॉक्टरांचं नाव उच्चारलं आणि त्याचा चेहराच बदलला. डोळ्यांत पाणीही आलं. "आधी सांगायचं ना मास्तर! माझ्या मेहुणीचा मुलगा असाच आहे. फार गोड असतात ही मुलं."

माझा मुलगा तिशीचा आहे, मास्तरांच्या जिभेवर आलं. पण गरजवंताला जीभ आवरावी लागते. "साहेब, एवढं करा," ते म्हणाले. "त्याची खोली त्याला परत द्या. आणि हे कुणाला कळू देऊ नका. त्याला तर मुळीच नको."

"माझा शब्द," साहेब म्हणाला. त्या आठवड्यात शब्दांची कुणाकडंच कमतरता नव्हती.

सोमवारी मास्तरांचं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाची पँट त्यांनी एका पायात आखूड केली. अक्कानं दोनदा चहा करून दिला, दोन्ही वेळा गार झाला. संध्याकाळी दार वाजलं, बारक्या मान वाकवून आत आला, आणि त्यानं बूट काढले नाहीत. तो तसाच टेबलाजवळ उभा राहिला.

"खोली परत मिळाली," तो म्हणाला. "नोकरी पक्की केली."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. अक्कानं दारातच हात जोडले. पण बारक्याचं संपलं नव्हतं. तो नेहमीच्या एकसुरी आवाजात सांगत गेला. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. 'का-ही ला-ग-लं त-र सां-ग' असं म्हणाले. तो हॉलमधून जाताना कुणीतरी रेडिओ बंद केला, तो गेल्यावर परत लावला. पॉलिशवालीनं डब्यातलं अर्धं त्याच्यापुढं केलं आणि त्याला बाळा म्हणाली.

"ती मला लंबू म्हणाली नाही," तो म्हणाला. "दिवसभर."

मास्तर मोजपट्टी गुंडाळत राहिले.

"मी साहेबांना विचारलं, असं का. ते म्हणाले, 'तुझ्या बाबांनी सगळं सांगितलंय, तू काळजी करू नकोस.' तुम्ही सांगितलंत?"

आता नाही म्हणणं शक्य होतं. साहेबानं दुसरीकडून शोधून काढलं असेल, असं म्हणता आलं असतं. बारक्यानं ते मानलंही असतं. मास्तरांनी एकदा अक्काकडं बघितलं. अक्का जमिनीकडं बघत होती.

"हो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होतात, 'नाही सांगणार. कधीच नाही. माझा शब्द.'"

"हो."

"मग 'सांगणार नाही' म्हणजे काय होतं?"

तो चिडलेला नव्हता. चिडला असता, भांडी फेकली असती, तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तो खरोखरच विचारत होता. पॉलिशवालीच्या वाक्याचा अर्थ विचारावा, तसा.

"सांगणार नाही म्हणजे सांगणार नाहीच होतं," मास्तर म्हणाले. "पण तुझी नोकरी जात होती रे. तू पुन्हा तसा पडून राहिला असतास. मला बघवलं नसतं."

"शुक्रवारी मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, 'सोमवारी बोलतील.'"

"ते अर्धंच सांगितलं मी."

"शनिवारी आत्या म्हणाली, तुम्ही माप घ्यायला गेलात."

"मापाला नव्हतो गेलो. साहेबाकडं."

बारक्या विचार करत उभा राहिला. बोटांनी तो शर्टाची बाहेर आलेली शिवण चाचपत होता. मास्तरांना वाटलं, संपलं. आता बसेल, चहा घेईल. आणि मग त्यानं जे विचारलं ते मास्तरांच्या स्वप्नातही नव्हतं.

"आई गेली तेव्हा मी दवाखान्यात आलो नाही. तिथं वास होता आणि यंत्रं वाजत होती. तुम्ही म्हणालात, 'आई तुझ्यावर रागावली नव्हती.' त्याचा अर्थ काय होता?"

अक्काच्या तोंडून नुसता 'अगं बाई' एवढाच आवाज आला.

हे मात्र खरं होतं. अगदी शब्दाला शब्द. बारक्याच्या आईनं शेवटच्या दिवशी नवऱ्याचा हात धरून सांगितलं होतं, की त्याला इथं ओढून आणू नका, त्याला सोसायचं नाही, आणि मी रागावले नाही हे त्याला आठवणीनं सांगा. मास्तरांनी ते जसंच्या तसं आणून दिलं होतं. त्यात एक टाका इकडचा तिकडं केला नव्हता.

"नव्हतीच रागावली," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "देवाशपथ नव्हती. तिनं स्वतः सांगितलं मला, तुला सांगायला. अक्काला विचार!"

"मी नव्हते रे त्या वेळी आत," अक्का हळूच म्हणाली. "मी बाहेर औषधं आणायला गेले होते."

बारक्यानं मास्तरांच्या चेहऱ्याकडं बघितलं. तो सहसा कुणाच्या चेहऱ्याकडं बघत नसे, त्याला ते जड जायचं. त्यानं बराच वेळ नेट लावून बघितलं, कपाळ, डोळे, तोंड. आणि मग नजर वळवली. दुसऱ्या कुणाला त्या चेहऱ्यावर सगळं वाचता आलं असतं. ज्याला वाचायचं होतं त्यालाच ते येत नव्हतं.

"मला कळत नाही," तो म्हणाला. "दोन्ही सारखंच ऐकू येतं." मग तो बूट काढायला दारापाशी गेला.

मास्तर तिथंच बसून राहिले. खरं सांगून त्यांचे हात रिकामे झाले होते. आणखी खरं ते कुठून आणणार? त्यांना रडायला आलं आणि ते रडले, आवाज न करता. अक्कानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आपणच भावाला साहेबाकडं पाठवलं हे तिलाही खात होतं, पण ती तसं बोलली नाही.

त्यानंतर बारक्या रोज कामावर जाऊ लागला. भिंतीकडं तोंड करून झोपला नाही, जेवण टाकलं नाही. ज्यासाठी एवढं केलं ते सगळं जागच्या जागी राहिलं. संध्याकाळी यायचा, हात धुवायचा, आपल्या खुर्चीत बसायचा, चहा प्यायचा. फक्त वाक्यं काढायचा नाही. मास्तर आपणहून विचारायचे, "काय म्हणाली रे आज पॉलिशवाली?"

"बाळा म्हणाली," तो सांगायचा. अर्थ विचारायचा नाही. पूर्वी तो कपडे बदलता बदलताही बोलत असे. आता घरात घड्याळ तेवढं बोलायचं.

मास्तरांनी नाना प्रयत्न केले. जे जे करीन म्हणाले ते ते घड्याळाच्या काट्यावर करून दाखवलं. एकदा त्याला म्हणाले, "मी पुन्हा कधी तुझ्याशी खोटं बोलणार नाही." बारक्यानं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "हेही तसंच वाक्य आहे." त्यात टोमणा नव्हता, टोमणा मारणं त्याला येतच नव्हतं. एकदा मास्तर डॉक्टरीणबाईंकडंही जाऊन आले. त्या म्हणाल्या, वेळ लागेल, जबरदस्ती करू नका. परत येताना मास्तरांना जाणवलं, की आपणही आता लोकांच्या साध्या वाक्यांचा अर्थ लावत बसलोय. वेळ लागेल म्हणजे किती? लागेल म्हणजे होईल का?

मग एका संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. बारक्या चहा पीत होता, अक्का समोर बसून शेंगा सोलत होती. मास्तर मशीनवरूनच म्हणाले, "बारक्या, मी तुझ्यासाठीच केलं रे ते."

बारक्यानं कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर तो जुना, लक्ष देऊन विचार करण्याचा भाव आला, आणि मास्तरांनी मशीन थांबवलं. आता विचारेल. किती दिवसांनी विचारेल.

बारक्यानं खुर्ची सरकवली आणि तो अक्काकडं वळला.

"आत्या, बाबा म्हणाले, 'मी तुझ्यासाठीच केलं.' म्हणजे काय?"

अक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अरे, इथंच तर बसलाय तो," ती म्हणाली. "त्यालाच विचार की."

"वाक्य त्यांचंच आहे," बारक्या म्हणाला. "त्यांना विचारलं तर ते आणखी एक वाक्य म्हणतील. मग त्याचाही अर्थ बघावा लागेल. तू सांग."

अक्कानं शेंग टोपलीत टाकली, हात पदराला पुसले आणि भावाकडं बघितलं. आयुष्यभर तिला कुणाच्याही तोंडावर बोलायला एक क्षण लागला नव्हता, आणि आता तिला शब्द सापडत नव्हते. मास्तर मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले होते. ती काय सांगते याची तेही वाट बघत होते.